१६० अक्षरांची सवय

मला मोबाइलचा शौक आहे, हे कबूल करूनच सुरुवात करतो. सप्टेंबर आला की आमच्या स्टाफरूममध्ये माझी चेष्टा सुरू होते. "सर, यंदा रात्री जागणार ना?" आयफोनचा कार्यक्रम आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पहिला तास माझा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत सॅमसंगची पाळी. मधल्या महिन्यांत चिनी कंपन्यांचे दर पंधरवड्याला नवे अवतार. विकत घेण्याची ऐपत वेगळी आणि शौक वेगळा. मी स्वतः एक फोन चार-पाच वर्षं वापरतो. पण कुठल्या मॉडेलमध्ये कुठला प्रोसेसर, कुणाची स्क्रीन उन्हात नीट दिसते, कुठली बॅटरी खरंच दिवसभर टिकते, हे मला तोंडपाठ असतं. मालवणच्या बाजारात कुणी ओळखीचा भेटला की प्रश्न ठरलेला असतो, "मास्तर, पंधरा हजारात कुठलो घेव?"

मीही मग ठरलेले प्रश्न विचारतो. कॅमेरा हवा की बॅटरी? गेम खेळणार का? होडीवर नेणार का? हा शेवटचा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर महत्त्वाचा आहे. खोक्यावर 'आयपी६८' लिहिलेलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याची हमी त्यात नसते, हे मी प्रत्येकाला समजावून सांगतो. लोक म्हणतात, मास्तरांना किती माहिती.

गेल्या वर्षी माझ्या या माहितीची पुरती फजिती झाली, आणि तीही घरातच.

माझी लेक पुण्याला शिकते. तिला फोन मीच निवडून दिला. दोन आठवडे तुलना करून, तक्ते मांडून. रात्रीचे फोटो चांगले, चार्जिंग वेगवान, सॉफ्टवेअरचे अपडेट बरीच वर्षं मिळणार. तिचा आधीचा फोन अम्मीकडे आला, कारण आपल्या घरांत तीच रीत आहे. नवा पोरांना, जुना म्हाताऱ्यांना.

एका संध्याकाळी अम्मी फोन घेऊन माझ्याकडे आली. नातीचा मेसेज होता. अम्मीचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालंय. उर्दू ती घरात आणि मदरशात शिकली. आजही वर्तमानपत्र ती चष्मा लावून मराठीतून वाचते आणि दुआंची किताब उर्दूतून. दोन लिप्या वाचणारी बाई. तिनं फोन पुढे केला आणि म्हणाली, "ह्यां वाचून दाखव."

मी वाचलं. लेकीनं विचारलं होतं, दादी, औषध घेतलंस का, गुडघा कसा आहे.

अम्मीनं विचारलं, "म्हणजे मराठीतच लिवल्यान मां?"

"मराठीतच. पण अक्षरां इंग्रजी."

ती थोडा वेळ फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मराठीत लिवल्यान तर माका वाचूक कित्याक येणा नाय?"

वीस वर्षं मी मुलांना दोन लिप्या शिकवतोय. अलिफ-बे आणि अ-आ-इ, दोन्ही. बी.एड.ला असताना लेखनकौशल्यावर पाठ घेऊन शाबासकी मिळवली होती. आणि माझ्याच घरात आजीनं नातीचा मेसेज वाचावा यासाठी मध्ये दुभाषा लागत होता, भाषा एकच असताना. फोन निवडताना मी पिक्सेल मोजले, मिलीअँपिअर मोजले. घरात कोण कुठल्या लिपीत वाचतं, हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता.

लेकीला फोन करून रागावण्याआधी मी जरा विचार केला, आणि मला माझेच जुने दिवस आठवले. रोमन लिपीत मराठी-उर्दू लिहायला ती माझ्याकडूनच शिकली होती.

२००४ च्या सुमारास माझ्याकडे पहिला फोन आला. नोकिया ११००, तोही जुना घेतलेला. टॉर्चवाला. लोडशेडिंगच्या काळात त्या टॉर्चवर मी वह्या तपासल्या आहेत. तेव्हा फोन करणं महाग होतं, म्हणून आम्ही सगळे एसएमएस करायचो. आणि एसएमएसचा एक हिशेब होता, जो तेव्हा अनेकांना नेमका माहीत नव्हता पण खिशाला कळायचा. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरी किंवा उर्दू अक्षर एक जरी आलं, तरी ती मर्यादा ७० वर येते.

कारण तांत्रिक आहे, पण समजायला सोपं. एका एसएमएसची जागा १४० बाइटची. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत घट्ट बसवता येतात, म्हणून १६० मावतात. आपल्या लिप्यांना प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागतात, म्हणून ७०. त्यात आपल्या मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'सिंधुदुर्ग' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. फोनच्या हिशेबात ती दहा चिन्हं होतात. म्हणजे जिल्ह्याचं नाव लिहिलं की एसएमएसचा सातवा हिस्सा संपला.

वर, समोरच्याच्या फोनमध्ये ती अक्षरं नसली तर त्याला नुसते चौकोन दिसायचे. आणि सणाच्या दिवशी एसएमएसचा पॅक चालायचा नाही, पूर्ण दर लागायचा. ईदच्या शुभेच्छा उर्दूत पाठवायच्या तर एका मेसेजचे दोन-तीन व्हायचे. शिक्षणसेवकाच्या मानधनात हे परवडणारं नव्हतं. म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहू लागलो. मामाला, मित्रांना, कुवेतला असलेल्या भावाला.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. 'हल्लीच्या पोरांना आपल्या भाषेची लाज वाटते' असं एक भाषण आपल्याकडे तयार असतं. मराठीच्या कार्यक्रमात मराठीवाले करतात, मुशायऱ्यात उर्दूवाले करतात. मला ते पटत नाही. रोमन लिपीची सवय लाजेतून आली नाही. ती काटकसरीतून आली. आणि ती पोरांनी नाही, आम्ही, आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांनी लावली.

पण आज ती काटकसर कशासाठी? २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं. व्हॉट्सॲपवर अक्षरांचे पैसे पडत नाहीत. दहा हजारांचा फोनही देवनागरी आणि उर्दू दाखवतो. कारण गेलं, सवय राहिली.

सवयीनं लिपी जाते का, असं कुणी विचारेल. मराठी माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये, कारण आपल्याकडे एक लिपी अशीच गेली आहे. मोडी. शेकडो वर्षं मराठीचा रोजचा व्यवहार, दफ्तर, हिशेब, पत्रं मोडीत होती. छापखाना आला. मोडीचे खिळेही पाडले गेले होते, पण हात न उचलता भरभर लिहायची ही लिपी सुट्या खिळ्यांत बसवणं कटकटीचं होतं. छापखान्यांनी बाळबोध उचलली. शाळांनी छापील पुस्तकं उचलली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी रोजच्या वापरातून गेली. कुणी बंदी घातली म्हणून नव्हे. यंत्राला जे सोपं होतं तेच माणसाला सोयीचं वाटू लागलं.

२०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली ते आठवा. कागद होते, भाषा मराठीच होती, पणजोबांनीच लिहिलेलं होतं. पण पणतूला वाचता येत नव्हतं. गंमत म्हणजे मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. यंत्र तयार झालं तेव्हा लिहिणारे हात संपले होते.

आमच्या घरातही एक ट्रंक आहे. तिच्यात माझ्या नानांची पत्रं आहेत. मुंबईला जहाजावर कामाला असताना त्यांनी नानीला उर्दूत लिहिलेली. मी ती वाचू शकतो. माझी लेक अडखळत वाचते. तिच्या पुढच्यांचं काय, हे मला माहीत आहे आणि तेच मला टोचतं.

ईदला रत्नागिरीहून भाचा आला होता. कॉम्प्युटरचा मुलगा, हुशार. मी त्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "मामू, तुम्ही एक बाजू बघताय. माझ्या ग्रुपमध्ये उर्दूत शिकलेली मुलं आहेत, मराठीत शिकलेली आहेत, हिंदीवाली आहेत. उर्दूवाल्याला देवनागरी जड, बाकीच्यांना उर्दू येत नाही. रोमनमध्ये लिहिलं की सगळे वाचतात. लिपी भिंत असते, रोमननं ती पाडली."

या म्हणण्यात दम आहे, हे मान्य करायला हवं. उर्दू आणि हिंदी बोलताना एक आणि लिहिताना दोन, या गोष्टीनं आपलं किती नुकसान केलं ते आपण जाणतो. रोमननं तिथं खरंच पूल बांधला.

आणि रोमन लिपी म्हणजे काही पाप नाही. आमच्या दक्षिणेला तेरेखोल ओलांडली की गोवा. तिथं कोंकणी रोमन लिपीत शेकडो वर्षं लिहिली जाते. तिला रोमी म्हणतात. 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक १९३३ पासून रोमी कोंकणीत निघतंय. तियात्राच्या संहिता, प्रार्थनेची पुस्तकं, कादंबऱ्या, सगळं त्या लिपीत आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणीला मान्यता दिली, तरी रोमीवाले आपल्या लिपीच्या हक्कासाठी आजही झगडतात. म्हणजे ती त्यांची लिपी आहे. तिला लेखनाचे नियम आहेत, शिकवणारे आहेत, जपणारे आहेत.

आमच्या रोमनचं तसं काय आहे? 'आहे' हा शब्द माझे विद्यार्थी चार तऱ्हांनी लिहितात. 'ळ' आणि 'ल' एकच, 'ण' आणि 'न' एकच. उर्दूचे से, सीन, स्वाद एकाच ढिगात. 'काळ' की 'काल', ते वाचणाऱ्यानं संदर्भानं ओळखायचं. ही लिपी कुणी ठरवून स्वीकारलेली नाही. १६० अक्षरांच्या जमान्यातला तो उरलासुरला माल आहे. भाच्याला मी एवढंच म्हटलं, "पूल हवा, तो राहू दे. पण तुझ्या पुलावर तुझ्या नानीला पाय ठेवता येत नाही, त्याचं काय करायचं?" तो हसला. उत्तर त्याच्याकडे नव्हतं, पण प्रश्न त्याला पटलेला दिसला.

आता फोनकडे येतो, कारण शेवटी सवय बदलायची तर यंत्रानं साथ द्यायला हवी. साथ किती मिळते?

उर्दूचं आधी सांगतो. उर्दू नस्तालीकमध्ये वाचायची डोळ्यांना सवय असते. तिरकी, उतरती, एकावर एक झुकलेली अक्षरं. यंत्रासाठी ती महाकठीण. म्हणून विसाव्या शतकात बराच काळ उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहायचे आणि मग छापायचे. १९८१ साली लाहोरच्या 'जंग'नं मिर्झा जमील यांची नूरी नस्तालीक वापरली आणि कॉम्प्युटरवरच्या उर्दूचं युग सुरू झालं. तिच्यासाठी हजारो जोडाकृती आधी हातानं काढाव्या लागल्या होत्या. पुढं १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीनं 'इनपेज' आणलं. मोबाइलवर मात्र कितीतरी वर्षं उर्दू अरबी वळणाच्या नस्खमध्ये दिसायची. गूगलनं नोटो नस्तालीक हा फाँट २०१४ मध्ये दिला, ॲपलनं २०१७ च्या आयओएस ११ मध्ये उर्दूसाठी नस्तालीक आणली. अनेक अँड्रॉइड फोनांवर उर्दू आजही नस्खमध्येच उमटते. अम्मी म्हणते, "ह्यां उर्दू नाय, अरबी दिसता." तिचं चूक नाही.

दुसरी अडचण आमच्या कोकणातली खास. आपल्याकडे कितीतरी फोन आखातातून आले. त्यांवर अरबी कीबोर्ड तयारच असायचा, म्हणून लोकांनी त्यावरच उर्दू लिहायला घेतली. अरबी कीबोर्डवर पे, चे, गाफ, टे, डाल, बड़ी ये थेट सापडत नाहीत. आणि जी सापडतात तीही फसवी. अरबी काफ आणि उर्दू काफ, अरबी ये आणि उर्दू ये आपल्याला जवळपास सारखी दिसतात, पण यंत्रासाठी ती वेगवेगळी अक्षरं आहेत. एका कीबोर्डनं नाव साठवलं आणि दुसऱ्यानं शोधलं, तर फोन म्हणणार असं नाव नाही. माझ्या एका नातेवाइकाला वाटायचं फोन बिघडला. बिघडलं काही नव्हतं, कीबोर्ड चुकीचा होता.

मराठीवाल्यांनी यावर हसू नये. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र घ्या. तो दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, दिसतो सारखाच, आणि शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ साली, म्हणून जुन्या फोनांवर त्याच्या जागी चौकोन दिसतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे, हिंदीचे वेगळे. राज्य सरकारनं २००९ मध्ये त्यांचं वळण ठरवून देणारा शासननिर्णय काढला. फोनवर बहुतेक वेळा हिंदीचंच वळण दिसतं. पहिलीतलं मूल फळ्यावर एक 'ल' शिकतं आणि घरी फोनवर दुसरा बघतं.

म्हणून त्या जुन्या फोनचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पिक्सेल ८ नं २०२३ मध्ये आणि गॅलॅक्सी एस२४ नं २०२४ मध्ये सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं, तेव्हा आम्ही शौकीन लोक सुरक्षेबद्दल बोलत होतो. पण नवी अक्षरं, सुधारलेले फाँट हेही बऱ्याचदा याच अपडेटमधून येतात. आपल्या घरांत ज्या माणसाला आपल्या लिपीची सगळ्यात जास्त गरज, त्याच माणसाकडे सगळ्यात जुना, अपडेट थांबलेला फोन जातो. अम्मीचा फोन मी या नजरेनं कधी बघितलाच नव्हता.

चांगलं काय झालंय तेही सांगायला हवं, नाहीतर हे रडगाणं होईल. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १६३३३ (भाग ३) हे २०१६ चं मानक आहे. त्यानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भाषांतला मजकूर वाचता आलाच पाहिजे. लिहिण्याची सक्ती मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा एवढीच. वाचायला २२ आणि लिहायला तीन, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. सुदैवानं बाजारातल्या स्मार्टफोनांवर मराठी आणि उर्दू कीबोर्ड सेटिंगमध्ये मिळतात किंवा फुकट उतरवता येतात. आयआयटी मुंबईनं केलेला 'स्वरचक्र' हा कीबोर्ड तर मला शिक्षक म्हणून फार आवडतो. क-ख-ग-घ-ङ ओळीनं मांडलेले, अक्षर दाबलं की भोवती बाराखडी उघडते. पहिलीतल्या तक्त्यासारखाच.

गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आणि उर्दू २०१७ मध्ये एकाच वेळी आल्या. २०२४ मध्ये जेमिनाय लाइव्ह ज्या नऊ भारतीय भाषांत येणार असं जाहीर झालं, त्यांतही दोन्ही होत्या. पण नव्या फोनच्या जाहिरातीतली 'एआय' प्रत्येक कंपनीची सारखी नसते. गॅलॅक्सी एस२४ सोबत जानेवारी २०२४ मध्ये जे एआय भाषांतर आलं, त्यात आपल्याकडची फक्त हिंदी होती. ॲपलचं एआय त्याच वर्षी आलं ते आधी इंग्रजीत. लाखभर रुपये मोजताना जे वैशिष्ट्य दाखवतात, ते आपल्या भाषेत चालतं का, हे विचारायला लाज कसली? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अभिजात भाषेच्या गिऱ्हाइकानं काउंटरवर एवढा प्रश्न तरी विचारावा.

बोलून लिहिता येत असेल तर लिपीची गरजच काय, असाही एक युक्तिवाद आहे. आमचे कितीतरी मच्छीमार भाऊ न लिहिता व्हॉइस मेसेजवर सगळा धंदा करतात. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना फोननं जबान दिली, ही छोटी गोष्ट नाही. पण ज्याला शाळा मिळाली, त्यानं हातातली लिपी टाकून द्यावी हे मला पटत नाही. आवाज ऐकून संपतो. नानांची पत्रं ट्रंकेत आहेत म्हणून मी ती आज वाचू शकतो.

तर आता माझा तक्ता बदलला आहे. कुणी फोन विचारायला आला की मी कॅमेरा-बॅटरी विचारतो, आणि मग विचारतो, घरात म्हातारं कोण आहे, ते काय वाचतात? दुकानात जाऊन पाच मिनिटं काय करायचं तेही सांगतो. मराठी कीबोर्ड चालू करून 'दुसऱ्या', 'ॲप', 'बाळ', 'ऱ्हास' हे शब्द लिहून बघा. उर्दू वाचत असाल तर कीबोर्डच्या यादीत अरबी नव्हे, उर्दू निवडा आणि आपलं नाव लिहून बघा, बड़ी येचा एखादा शब्द लिहून बघा. अक्षरं मोठी करून बघा, ओळी एकमेकींवर चढतात का पाहा. अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. आणि जुना फोन आईला देणार असाल तर देण्याआधी त्याचे अपडेट, फाँट आणि कीबोर्ड नीट करून द्या. याला एक पैसा लागत नाही.

शाळेतही मी आता वर्षाच्या सुरुवातीला एक तास यासाठी ठेवतो. वही नाही, पुस्तक नाही. मोठ्या मुलांनी घरचा फोन आणायचा, दोन्ही कीबोर्ड बसवायचे आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला त्याला वाचता येईल अशा लिपीत एक मेसेज लिहायचा. पहिल्यांदा पाच मिनिटं लागतात. महिनाभरात वेग येतो. माझ्या सहकाऱ्यांना, विशेषतः उर्दू शाळांतल्या, विनंती आहे की हे करून बघा. निबंधाच्या विषयापेक्षा मुलं हे जास्त आवडीनं करतात.

लेकीला मी रागावलो नाही. फोनवरूनच सेटिंग सांगितली, तिनं मराठी कीबोर्ड चालू केला. तिचा देवनागरीतला पहिला मेसेज अम्मीला आला तेव्हा मी समोर होतो. अम्मीनं चष्मा लावला, फोन लांब धरला आणि स्वतः वाचला. 'औषध'मधला ष चुकला होता, 'गुडघा'तला घ गायब होता.

अम्मीनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हेचो मास्तर कोण?"